मांड्याच्या मागावर: कल्याणीपासून मुक्ताईनगरपर्यंत

पहिला दिवस: बसवकल्याण

पुण्याहून सोलापूर गाठून हैदराबादच्या महामार्गाने उमरगा ओलांडले, की थोड्याच वेळात कर्नाटकाची हद्द लागते, आणि सस्तापूर बंगल्यापाशी महामार्ग सोडून आत वळले की बसवकल्याण येते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, भर उन्हात, आम्ही नवराबायको या गावी कशाला चाललो आहोत, असे बसमधल्या शेजाऱ्यांनी विचारले तेव्हा ‘पुरणपोळीसाठी’ हे उत्तर देणे आम्हालाच अवघड वाटले. पण खरे कारण तेच होते.

आज हे बीदर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव असले, तरी अकराव्या आणि बाराव्या शतकांत ‘कल्याणी’ या नावाने ते चालुक्यांची राजधानी होते. सहाव्या विक्रमादित्याचा मुलगा सोमेश्वर तिसरा ११२६ ते ११३८ या काळात येथून राज्य करीत होता, आणि लढायांपेक्षा त्याचे नाव राहिले ते ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथामुळे. प्रत्येकी वीस अध्यायांच्या पाच विंशती, म्हणजे एकूण शंभर अध्याय, आणि त्यांत हत्ती कसे धरावेत येथपासून गाणे कसे ऐकावे येथपर्यंत राजाच्या आयुष्यातले बहुतेक सगळे आले आहे. त्यातल्या ‘अन्नभोग’ या अध्यायात ‘मंडक’ नावाचा पदार्थ कसा करावा हे श्लोकांत सांगितले आहे. मंडक म्हणजे आपला मांडा, हातांवर पसरवलेली मोठी, पातळ पोळी, जिच्यात खानदेशात पुरण भरतात; आणि त्याच अध्यायात येणारी ‘पोलिका’ म्हणजे आपली पोळी.

त्या कृतीच्या छायाप्रती मी पिशवीत घेतल्या होत्या, कारण पुढचे पाच दिवस त्याच माझा नकाशा होत्या. कृतीचा सारांश असा. गहू धुऊन उन्हात वाळवावेत, जात्यावर दळावेत आणि चाळून कोंडा काढून टाकावा. त्या बारीक पिठात थोडे तूप व मीठ घालून दूध-पाण्यात ते भिजवावे, आणि मोठ्या लाकडी परातीत हाताने आपटून आपटून मळावे. पीठ चिकण झाले की गोळे करावेत, हातांना तूप लावावे, गोळ्यांना तांदळाची पिठी लावावी आणि ते हातांवरच फिरवत फिरवत पसरावेत. पांढऱ्या रेशमी वस्त्रासारखे पातळ झालेले हे मंडक तापलेल्या ‘खर्परा’वर, म्हणजे मातीच्या भांड्यावर, टाकावेत आणि काळे डाग पडण्याच्या आत चटकन उचलावेत. यात लाटणे नाही आणि तवाही नाही. स्वयंपाकाचा थोडाफार अनुभव असलेल्या कोणालाही ही कृती वाचून पहिली शंका येते ती अशी, की हे राजाच्या आचाऱ्याने सांगितले आणि पंडिताने श्लोकात बसवले खरे, पण प्रत्यक्षात असे कोणी करू शकते का? ती शंका फेडून घ्यायची म्हणून तर ही सहल होती.

बसवकल्याणच्या किल्ल्यात सोमेश्वराचा मुदपाकखाना सापडेल अशी भाबडी आशा मी बाळगली नव्हती, आणि ते बरेच झाले. आज दिसणारे बुरूज, दरवाजे आणि तोफा बहुतांशी बहमनी आणि त्यानंतरच्या काळातल्या आहेत. चालुक्यांच्या खुणा म्हणून काही शिल्पे तेवढी पाहायला मिळतात. किल्ला पाहायचा असेल तर सकाळी नऊच्या आत जावे, कारण दगड तापला की चपलेच्या तळव्यातून चटके बसतात आणि आत सावली फारशी नाही. पाण्याची बाटलीही बाहेरूनच घ्यावी.

दुपारच्या जेवणात मात्र या गावाने आम्हाला अनपेक्षित दान दिले. बसस्थानकाजवळच्या एका खाणावळीत ज्वारीची रोटी, शेंगदाण्याची चटणी आणि एणगाई, म्हणजे भरली वांगी, असे ताट आले. शेवटी वाढणाऱ्याने ‘होळिगे?’ असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता तुपाने माखलेली पुरणपोळी ताटात ठेवली. समोर बसलेले निवृत्त शिक्षक कन्नड, मराठी आणि दखनी या तिन्ही भाषा सारख्याच सहजतेने बोलत होते. मांड्याचा विषय निघताच ते म्हणाले, “आमच्यात त्याला मंडिगे म्हणतात. तुमच्या बेळगावकडे अजून करतात ना?” आणि मग हसत पुढे म्हणाले, “मनसिनल्लि मंडिगे.” त्याचा अर्थ त्यांना सांगावा लागला नाही. मनात मांडे खाणे हा आपला वाक्प्रचार जसाच्या तसा कन्नडमध्येही आहे! दोन भाषांनी पदार्थ वाटून घ्यावा यात नवल नाही, पण तो पदार्थ प्रत्यक्षात मिळणे किती दुर्मीळ असते याची चेष्टाही दोघींनी एकाच शब्दांत करावी, यावरून मांडा हे रोजचे अन्न कधीच नव्हते, हे मला कोणत्याही श्लोकापेक्षा अधिक पटले.

दुसरा दिवस: नारायणपूर, आणि रात्रीची गाडी

सकाळी रिक्षाने जवळच्या नारायणपूरच्या चालुक्यकालीन शिवमंदिरात जाऊन आलो. मंदिराच्या भिंतींवरच्या शिल्पांत कोणी स्वयंपाक करताना दिसते का, हे शोधण्यात माझा तास गेला आणि पत्नीचा संयम. वादक सापडले, आरशात पाहणारी स्त्री सापडली, पण पोळी करणारी काही सापडली नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मानसोल्लास हा ग्रंथ संस्कृत असला तरी त्याच्या गाण्यांविषयीच्या भागात मराठी ओळीही आहेत आणि मराठीच्या अगदी जुन्या लिखित नमुन्यांत त्यांची गणना होते. म्हणजे कल्याणीच्या दरबारात कन्नड होती, संस्कृत होती आणि मराठीही ऐकू येत होती. मांडा हा आमचा की त्यांचा, असा वाद कोणी घालू लागला तर त्याला हे सांगावे. दुपारी सोलापूरला परतून रात्रीच्या गाडीने दौंड-मनमाड मार्गे जळगावकडे निघालो. या दिवसांत लग्नसराई आणि सुट्ट्या एकत्र आलेल्या असतात, त्यामुळे आरक्षण दोन महिने आधीच करून ठेवले होते. तसे केले नसते तर पुढचे काही लिहायची वेळ आली नसती.

तिसरा दिवस: अमळनेर तालुक्यातले एक गाव

जळगावहून सुरतेच्या बाजूला जाणारी गाडी पकडून अमळनेरला उतरलो आणि तेथून माझ्या मित्राच्या मावशींच्या गावी गेलो. तापीकाठचे हे गाव लहान आहे. केळी आणि कापूस ही तिथली पिके, आणि बोली अहिराणी. उन्हाचा पारा चाळिशीच्या बराच पुढे होता. दुपारी बारा ते चार या वेळात रस्त्यावर कुत्रेही दिसत नव्हते. खानदेशात या दिवसांत जायचे असेल तर सुती कपडे, डोक्याला मोठा रुमाल आणि खिशात कांदा अशी तयारी ठेवावी, असे मित्राने बजावले होते. कांद्याचे कारण मला पटलेले नाही, पण मी तो ठेवला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ३० एप्रिलला, अक्षय्य तृतीया होती. खानदेशात तिला आखाजी म्हणतात आणि दिवाळीच्या बरोबरीने मानतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुलिंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी म्हटली जातात, सालदारांचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचे, साल या दिवशी संपते आणि नवे ठरते, आणि पुरुष मंडळी पारावर पत्ते कुटत बसतात. या शेवटच्या प्रथेबद्दल घरोघरच्या बायकांचे मत एकसारखे आहे आणि ते छापण्याजोगे नाही.

मांड्याची तयारी आदल्या दिवसापासूनच चालली होती. ओसरीवर एका फडक्यात गहू बांधून ठेवले होते. मावशींनी गाठ सोडून दाखवले तेव्हा ते ओलसर आणि किंचित फुगलेले होते. गहू असे ओलवून, थोडा वेळ मुरू देऊन मगच गिरणीत न्यायचे असतात. ओलाव्याने वरचे साल चिवट होते, दळताना त्याचा भुगा न होता मोठे मोठे पापुद्रे सुटतात आणि चाळणीत अडकतात, त्यामुळे पीठ पांढरे आणि लवचीक निघते. पिठाच्या मोठ्या गिरण्याही दळण्याआधी गव्हाला असाच ओलावा देतात. सोमेश्वराच्या ग्रंथात गहू धुऊन उन्हात वाळवायला सांगितले आहेत, ते केवळ स्वच्छतेसाठी असावे असे मी समजत होतो. फडक्यातले ते गहू हातात घेतल्यावर माझी समजूत बदलली. धुतलेला गहू उन्हात वरून सुकतो, पण आत ओल धरूनच राहतो.

संध्याकाळी गिरणीतून आलेले पीठ मावशींनी आणि त्यांच्या सुनेने जुन्या, मऊ झालेल्या सुती साडीच्या तुकड्यातून चाळले. या वस्त्रगाळ पिठाला सपीट म्हणतात. दोन बायका समोरासमोर बसून फडक्याची टोके धरतात आणि मधले पीठ हलक्या हाताने घोळवत राहतात. चारेक किलो पिठाला तास-दीड तास लागला. खाली जमलेले सपीट तळहातावर घेऊन फुंकले तर धुरासारखे उडत होते. मी कागद काढून टिपणे घेत होतो, ते पाहून अंगणातल्या एका आजींनी विचारले, “काय लिखी राह्यना रे भाऊ?” नऊशे वर्षांपूर्वीचा कागद दाखवून मी त्यांना श्लोकांचा अर्थ सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या की, यात नवीन काय आहे, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.

चौथा दिवस: आखाजी

पहाटे पाच वाजता परसातली चूल पेटली. तीन मोठ्या दगडांवर खापर पालथे घातले होते. खापर म्हणजे मातीचे, मोठ्या घमेल्याएवढे, घुमटासारखे भांडे. त्याचा फुगीर भाग वर राहतो आणि खालून बाभळीच्या लाकडांचा जाळ लागतो. सोमेश्वराचा खर्पर तो हाच. शब्द थोडा घासला गेला आहे, वस्तू मात्र तीच राहिली आहे.

आधी पितरांची पूजा झाली. पाण्याने भरलेली नवी घागर, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, बाजूला आंबे, आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर पितरांच्या नावाने घास. गेलेल्या माणसांना उन्हाळ्यात पाणी आणि गारवा मिळावा, हा त्यामागचा भाव आहे, आणि त्या उकाड्यात तो कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

मग मावशी पिठाकडे वळल्या. सपिटात मीठ आणि थोडे तेल घालून ते पाण्याने सैलसर भिजवले होते. आता त्या परातीत ते दोन्ही हातांनी उचलून आपटत होत्या, मध्ये मध्ये पाण्याचा हात लावत होत्या आणि पुन्हा आपटत होत्या. आवाज ओले कपडे धुण्याच्या दगडावर आपटावेत तसा येत होता. पाऊण तास हे चालले. शेवटी त्यांनी पिठाचा एक चिमटा उचलला तेव्हा तो न तुटता हातभर लांब तार होऊन खाली आला. श्लोकातले ‘हाताने आपटून मळावे’ हे शब्द मी आजवर अलंकार म्हणून वाचत आलो होतो.

पुरण आदल्या रात्रीच शिजवून, वाटून ठेवले होते: हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलदोडा आणि जायफळ. मावशींनी पुरीएवढ्या दोन पाऱ्या लाटल्या, एकीवर पुरण पसरले, दुसरी वर ठेवून कडा बोटांनी दाबून घेतल्या आणि तांदळाच्या पिठीत घोळवून थोडे लाटले. येथवर लाटण्याचे काम होते. यापुढे त्यांनी लाटणे बाजूला ठेवले, ती पोळी उचलून उलट्या पंजांवर घेतली आणि हात एकमेकांपासून दूर नेत, मनगटे वळवत, ती फिरवायला लागल्या. प्रत्येक फेरीला पोळी वाढत होती. पंज्यांवरून ती मनगटांवर आली, मनगटांवरून कोपरांपर्यंत, आणि शेवटी दोन्ही हात पूर्ण पसरलेले असताना त्यांच्यावर एक तलम चादर पांघरल्यासारखी दिसत होती. मागे चुलीचा जाळ होता, त्यामुळे आतले पुरण पिवळसर सावलीसारखे सगळीकडे सारखे पसरलेले दिसत होते, कोठेही गठ्ठा नाही आणि कोठेही भोक नाही. मग त्या एक पाऊल पुढे सरकल्या आणि दोन्ही हात एकदम खाली नेऊन तो मांडा खापरावर उतरवला. उतरवला असेच म्हटले पाहिजे, कारण त्याला सुरकुती पडली नाही.

खापर फुगीर का असते, हे त्या क्षणी कळले. इतकी मोठी आणि इतकी ओली पोळी सपाट तव्यावर ठेवायला गेले तर मधला भाग आधी टेकतो, कडा अधांतरी राहतात आणि घड्या पडतात. घुमटावर मात्र ती वरून खाली आपल्याच वजनाने अंगाबरोबर बसते. शिवाय माती लोखंडासारखी एकदम तापत नाही. भाजणे सगळीकडे सारखे होते आणि पुरणातला गूळ जळत नाही. अर्ध्या मिनिटात मावशींनी कडेने बोटे फिरवून मांडा उलटला, दुसरी बाजू त्याहून कमी वेळ ठेवली आणि लगेच चौघडी घालून कापडात टाकला. गरम असतानाच घडी घालावी लागते. गार झाला की तो कडक होऊन मोडतो.

मी मावशींना दुधाबद्दल विचारले. ग्रंथात दूध-पाणी आहे, तुम्ही नुसते पाणी का घेता? त्यांनी वर न पाहता उत्तर दिले, “दुधानं लवकर डाग पडतात, भाऊ. मग मांडा काळा होतो.” सोमेश्वराने ‘काळे होण्याच्या आत उचलावे’ असे का बजावले, याचा उलगडा मला या एका वाक्यात झाला असे वाटले, आणि घरी जाऊन तपासायचे म्हणून मी ते लिहून ठेवले.

त्यानंतर मला हात धुऊन बसवण्यात आले. माझा पहिला मांडा मनगटांपर्यंत आला आणि मध्ये फाटून पुरण मांडीवर पडले. दुसरा कोपराच्या अलीकडे फाटला. तिसरा फाटला नाही, कारण मी तो पसरवलाच नाही. घरातल्या मुली हसत होत्या, आणि झोक्यावरच्या एका सासुरवाशिणीने झोका थांबवून सांगितले की, ती स्वतः पाच वर्षे शिकत होती आणि पहिली तीन वर्षे तिने फाटलेलेच मांडे खाल्ले. मनातले मांडे हे त्यापेक्षा सोपे असतात, हे मी कबूल केले.

“जेवाले बठा,” अशी हाक आली तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. केळीच्या पानावर घडी घातलेला मांडा, वर तुपाची धार, बाजूला वाटीत आमरस, कटाचे तिखट सार, कुरडई, पापड आणि भजी. मांडा रसात बुडवून खायचा आणि मध्ये मध्ये साराचा भुरका मारायचा, अशी येथली रीत आहे. तव्यावरच्या जाड पुरणपोळीत पुरण आणि पोळी वेगवेगळी लागते. येथे ती दोन्ही एकच झालेली असतात, आणि तोंडात आधी चुलीचा धूर, मग तूप, मग गूळ अशा क्रमाने चव येते. मी दीड मांडा खाल्ला. मित्राचे काका चार खाऊन पत्ते खेळायला गेले.

आखाजीला कोणाच्या घरी जायची संधी मिळणार असेल तर एक सांगतो: सकाळी काहीही खाऊन निघू नये, आणि यजमानांसाठी न्यायचेच असेल तर मिठाई न नेता चांगले आंबे न्यावेत, कारण त्या दिवशी घरात गोड आधीच उतू जात असते आणि रसाला आंबे कधीच पुरत नाहीत.

पाचवा दिवस: कुंभाराचे अंगण

सकाळी शेजारच्या गावी खापरे करणाऱ्या एका कुंभाराकडे गेलो. आखाजीचा बाजार आटोपलेला होता, त्यामुळे त्यांना बोलायला वेळ होता. खापराची माती घागरीच्या मातीपेक्षा वेगळी मळावी लागते. तळ्याची गाळाची माती चाळून तिच्यात राख आणि लीद मिसळतात, म्हणजे जाळावर ते तडकत नाही. आधी चाकावर जाड आकार काढतात आणि मग आतून दगडी गोटा धरून बाहेरून लाकडी थापीने थापटत थापटत ते पातळ व मोठे करतात. त्यानंतर सावलीत वाळवून आव्यात भाजतात. घेणाऱ्याने ते बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. घंटेसारखा आवाज आला तर पक्के, थबथब आवाज आला तर आत चीर आहे. नव्या खापरावर पहिल्या दिवशी थेट मांडे करू नयेत. आधी मंद जाळावर एक-दोनदा नुसते तापवून घ्यावे.

मुक्ताईची गोष्ट त्यांनीच काढली. आळंदीत मुक्ताईला मांडे करायचे होते, पण विसोबा चाटीने कुंभारांना दम देऊन तिला खापर मिळू दिले नाही. तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगबळाने पाठ तापवली आणि तिने त्या पाठीवर मांडे भाजले. ते पाहून विसोबा शरण आला, आणि पुढे तोच विसोबा खेचर म्हणून नामदेवांचा गुरू झाला. “आमच्या वाडवडलांवर हा एक डाग आहे,” ते गंभीरपणे म्हणाले, “म्हणून आखाजीच्या आधी कोणी पैशांवाचून आलं, तरी आम्ही खापर देतो.” मी अर्थातच पैसे दिले. दीडशे रुपये, आणि गवतात व पोत्यात बांधून देण्याचे काहीच नाही.

संतचरित्रांतली ही कथा तेराव्या शतकातल्या स्वयंपाकघराचा पुरावा म्हणून वापरू नये, हे मला मान्य आहे. पण तिच्या रचनेकडे पाहावे. एखाद्याची अडवणूक करायची तर पीठ, गूळ किंवा लाकूड तोडत नाहीत, खापर तोडतात, आणि ऐकणाऱ्या कोणालाही ‘मग तव्यावर का नाही केले?’ असा प्रश्न पडत नाही. खापराशिवाय मांडा नाही, हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक होते.

सहावा दिवस: मुक्ताईनगर आणि चांगदेव

जळगावहून भुसावळमार्गे मुक्ताईनगर साठेक किलोमीटर आहे. या गावाचे जुने नाव एदलाबाद. जळगावच्या या बाजूला बोली बदलते: अहिराणी मागे राहते आणि लेवा गणबोली सुरू होते. वाटेत जळगावजवळचे आसोदे, म्हणजे बहिणाबाई चौधरींचे माहेर, पाहून घेतले.

मुक्ताई १२९७ साली, शके १२१९ मध्ये, याच भागात तापीकाठी मेहूण येथे वीज कडाडली असता अंतर्धान पावली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. वैशाख वद्य दशमीला तिचा सोहळा असतो. आम्ही गेलो तेव्हा त्याला तीनएक आठवडे होते, त्यामुळे जवळच्या कोथळी गावातल्या मुक्ताईच्या जुन्या मंदिरात गर्दी नव्हती आणि निवांत बसता आले. ज्या मुलीच्या नावावर मांड्यांची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आहे तिचे शेवटचे ठिकाण, मांडे आजही खापरावर होतात त्याच मुलखात असावे, हा योगायोग आहे. तिच्या गोष्टीमुळे येथे मांडे आले असे कोणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही, कारण मांडे तिच्याही आधीचे आहेत. पण मंदिराच्या ओट्यावर भेटलेल्या एका माउलीला मी हे सांगितले नाही. त्या म्हणाल्या की त्यांच्या घरी पहिला मांडा मुक्ताईचा असतो आणि तो कधीच फाटत नाही.

जवळच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे जुने दगडी मंदिर आहे. संध्याकाळी जावे. हतनूर धरणाच्या पाण्यामुळे संगमाचे पात्र रुंद झाले आहे, आणि दिवसभराच्या भट्टीनंतर तेथला वारा खरोखर अंगाला लागतो. वाहन स्वतःचे किंवा ठरवलेले असावे. परतीच्या सहाआसनी रिक्षेची वाट पाहत आम्ही दीड तास काढला आणि अखेर केळीच्या ट्रॅक्टरवर बसून मुख्य रस्त्याला आलो, पोत्यातले खापर मांडीवर घेऊन.

पुण्यात परतल्यावर

खापर शाबूत आले. गॅसवर ते बसत नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत कळले, म्हणून गच्चीवर विटा मांडून लोखंडी शेगडीतल्या कोळशांवर ते पालथे घातले. सपीट मावशींनी बांधून दिले होते. मी अर्धे पाण्यात आणि अर्धे सोमेश्वराच्या सांगण्याप्रमाणे तूप घालून दूध-पाण्यात भिजवले. पुरण घातले नाही, कारण ग्रंथातला मंडक नुसता असतो आणि मला त्याची परीक्षा घ्यायची होती. पत्नीने मळले, मी आपटले. पाण्यातले दोन फाटले, तिसरा कोपरापर्यंत आला आणि भाजून पांढराशुभ्र निघाला.

दुधातला पहिला मांडा मी खापरावर टाकला आणि उलटण्यासाठी कड शोधू लागलो, तोवर त्याच्यावर तपकिरी ठिपके उमटले होते. पुढचा टाकताना पत्नी बाजूला उभी राहून आकडे मोजत होती. बारा म्हणताच मी तो उचलला. त्याच्यावर एकही काळा डाग नव्हता, आणि तुपाशी खाताना तो पाण्यातल्या मांड्यापेक्षा मऊ आणि किंचित गोड लागत होता.